मोबाइलला दिसतो, डेस्कटॉपला दिसत नाही : एका ड्रायव्हरलेस प्रिंटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका छोट्या कार्यालयातलं हे काम. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, तांत्रिक भाग घडला तसाच ठेवला आहे.

कार्यालयात अकरा संगणक, सगळे लिनक्सवर. सात लॅपटॉप वायफायवर आणि चार डेस्कटॉप केबलने जोडलेले. हिशेबाचं काम डेस्कटॉपवर चालायचं, बाकीची मंडळी लॅपटॉपवर. वायफाय आणि केबल हे दोन वेगळे सबनेट (नेटवर्कचे स्वतंत्र भाग) होते, मधे राउटर. हा तपशील सुरुवातीला मला कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

आधीचा लेझर प्रिंटर बरीच वर्षं चालला. त्याचा ड्रायव्हर कंपनीने दिलेला, बंद स्वरूपातला, ३२ बिटी संगणकांसाठी बांधलेला. ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलली की दर वेळी तो बसवताना दमछाक व्हायची आणि शेवटच्या अपग्रेडनंतर तो बसलाच नाही. यंत्र अजून नीट कागद ओढत होतं, स्वच्छ छापत होतं, पण संगणकाचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचवणारा दुवाच तुटला होता. चालतं यंत्र अशा कारणासाठी अडगळीत जाताना मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून नवा प्रिंटर घेताना मी एकच अट घातली : ड्रायव्हर लागता कामा नये. खोक्यावर ड्रायव्हरशिवाय छपाईची एअरप्रिंट आणि मोप्रिया ही दोन्ही चिन्हं होती. अशी चिन्हं असलेला प्रिंटर युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमवर बहुतेक वेळा सरळ चालतो, कारण सगळ्यांच्या तळाशी आयपीपी (इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल) हा एकच प्रोटोकॉल, म्हणजे प्रिंटरशी बोलण्याची ठरलेली पद्धत, आहे.

ड्रायव्हर मुळात दोन कामं करायचा. प्रिंटरला काय काय येतं (कागदाचे आकार, दोन्ही बाजूंची छपाई, रंग, ट्रे) हे तो संगणकाला सांगायचा आणि पान प्रिंटरच्या भाषेत उतरवून द्यायचा. पहिल्या कामासाठी पीपीडी नावाची फाइल असायची. आता संगणक ही माहिती आयपीपीवरून थेट प्रिंटरलाच विचारतो, आणि पान पीडीएफ, पीडब्ल्यूजी रास्टर किंवा ॲपल रास्टर अशा ठरलेल्या स्वरूपात पाठवतो. आयपीपी १९९९ पासून आहे, त्याच वर्षी कप्स ही युनिक्सची छपाई व्यवस्थाही आली. एअरप्रिंट २०१०मध्ये आलं आणि प्रिंटर वर्किंग ग्रुपचं आयपीपी एव्हरीव्हेअर हे प्रमाण २०१३मध्ये. त्यामुळे ही काही कालपरवाची, कच्ची गोष्ट नव्हे.

अडचण

प्रिंटर वायफायवर जोडला. मोबाइलवरून पहिल्याच फटक्यात प्रिंट निघाली. मी निश्चिंत होऊन निघालो. दोन दिवसांनी हिशेब विभागातल्या मॅडमचा फोन.

"सर, माझ्या मोबाइलवरून प्रिंट निघते, मग कॉम्प्युटरवरून का निघत नाही? प्रिंटर तर तोच आहे."

प्रश्न अगदी नेमका होता. कार्यालयाची एकत्रित तक्रार मात्र "प्रिंटर कधी दिसतो, कधी दिसत नाही" अशी होती. प्रत्येकाच्या टेबलाशी बसून पाहिल्यावर कळलं की त्या एका वाक्यात चार तक्रारी मिसळल्या आहेत. चारही डेस्कटॉपना प्रिंटर अजिबात दिसत नव्हता. सातांपैकी दोन लॅपटॉपनाही दिसत नव्हता. उरलेल्या पाच लॅपटॉपना तोच प्रिंटर दोन वेगळ्या नावांनी दिसत होता. आणि जिथून प्रिंट निघत होती, तिथे काही वेळा पानाच्या तळाशी असलेली सहीची ओळ छापलीच जात नव्हती.

मधल्या दोन दिवसांत तिथल्या एका मुलाने, मदत म्हणूनच, कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हरचं पॅकेज उतरवून दोन डेस्कटॉपवर बसवलं होतं. ते ९१०० या पोर्टवर (नेटवर्कवरच्या ठरावीक दारावर), प्रिंटरच्या त्या दिवशीच्या आयपी पत्त्यावर छापत होतं. दीड दिवस चाललंही. मग राउटरने प्रिंटरला नवा पत्ता दिला आणि कामं क्यूमध्ये (छपाईच्या रांगेत) अडकली. मी पाहिलं तेव्हा मॅडमच्या क्यूमध्ये एकाच बिलाची नऊ कामं रांगेत उभी होती. प्रिंट येत नाही म्हटल्यावर माणूस पुन्हा बटण दाबणारच. दुरुस्ती करण्याआधी ती नऊ रद्द केली, नाहीतर पत्ता बरोबर होताच नऊही बिलं एकापाठोपाठ बाहेर पडली असती.

तपास

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता : संगणकावरच्या सेटिंग्ज तपासत बसायचं की आधी प्रिंटरशी बोलायचं? सवयीने हात संगणकाकडे जातो. ड्रायव्हरलेस छपाईत मात्र सगळी माहिती प्रिंटरकडे असते, म्हणून आधी त्यालाच विचारावं असं माझं ठाम मत आहे.

चालणाऱ्या लॅपटॉपवर 'अवाही-ब्राउझ' (नेटवर्कवरच्या सेवा शोधणारी आज्ञा) चालवून आयपीपी सेवा शोधल्या. लगेच उत्तर आलं : प्रिंटरचं नाव, पत्ता, पोर्ट ६३१ आणि खाली माहितीची लांबलचक ओळ. त्यात 'आरपी'समोर 'आयपीपी/प्रिंट' म्हणजे छपाईचा मार्ग आणि 'पीडीएल'समोर प्रिंटरला समजणारी स्वरूपं, त्यात पीडब्ल्यूजी रास्टर आणि ॲपल रास्टर दोन्ही. हीच आज्ञा डेस्कटॉपवर दिली. काहीच नाही. कर्सर नुसता पुढच्या ओळीवर.

मग त्याच डेस्कटॉपवरून प्रिंटरला पिंग केलं तर उत्तर येत होतं. 'आयपीपीटूल'ने थेट पत्ता देऊन प्रिंटरचे गुणधर्म मागितले, तर पडदाभर उत्तर आलं : कागदांची यादी, दोन्ही बाजूंची छपाई, आयपीपीच्या आवृत्त्या. म्हणजे डेस्कटॉप आणि प्रिंटर एकमेकांशी उत्तम बोलू शकत होते, फक्त डेस्कटॉपला प्रिंटर तिथे आहे हे कळत नव्हतं. सापडणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एकदा वेगळं काढल्यावर निम्मी गुंतागुंत सुटली.

सापडण्याचं काम एमडीएनएस करतो. संगणक "इथे कुणी आयपीपी प्रिंटर आहे का?" असा प्रश्न २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर, यूडीपी पोर्ट ५३५३वर टाकतो आणि प्रिंटर उत्तर देतो. या पत्त्यावरचा प्रश्न त्याच नेटवर्कपुरता असतो, राउटर तो पलीकडे नेत नाही. मोबाइल वायफायवर, प्रिंटर वायफायवर, म्हणून त्यांची गाठ पडली. डेस्कटॉपचा प्रश्न केबलच्या सबनेटमध्येच विरून जात होता. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हे असं होतं, आणि त्यात कुठलंही यंत्र बिघडलेलं नव्हतं.

दोन लॅपटॉपचं कारण वेगळं निघालं. त्यांच्या फायरवॉलचा झोन 'पब्लिक', म्हणजे अनोळखी नेटवर्कसाठीचा, होता आणि त्यात एमडीएनएसला परवानगी नव्हती. प्रश्न बाहेर जात होता, उत्तर दारात अडत होतं. मल्टिकास्टवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर प्रिंटरच्या स्वतःच्या पत्त्यावरून येतं, त्यामुळे ते आपल्याच प्रश्नाला आलेलं उत्तर आहे हे फायरवॉलला आपोआप ओळखता येत नाही.

दोन नावांचं कारण 'कप्स-ब्राउझ्ड' ही सेवा. नवं कप्स नेटवर्कवरचा प्रिंटर पाहून गरजेपुरती तात्पुरती क्यू स्वतःच तयार करतं. 'कप्स-ब्राउझ्ड' त्याच प्रिंटरसाठी आपली वेगळी क्यू बनवत होती. एकीवर काम अडकलं की लोक दुसरीवर पाठवत आणि कुठली खरी यावर वाद घालत.

एक बारीक गोष्ट इथे नोंदवतो, कारण तिने माझाही थोडा वेळ खाल्ला. 'एलपीस्टॅट' या क्यूंची स्थिती सांगणाऱ्या प्रोग्रॅमला नेहमीप्रमाणे सगळी स्थिती विचारली तर तो फक्त बसवलेल्या क्यू दाखवतो. तात्पुरत्या क्यूसाठी नेटवर्कवर सापडणारे प्रिंटर दाखवणारा छोट्या लिपीतला '-ई' हा पर्याय द्यावा लागतो. एका लॅपटॉपवर यादी कोरी होती आणि प्रिंट मात्र निघत होती, त्याचा उलगडा असा झाला.

समोर असलेले पर्याय

दोन लॅपटॉपचा इलाज उघड होता. खरा विचार चार डेस्कटॉपचा करायचा होता.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे त्या मुलाने बसवलेला ड्रायव्हर ठेवायचा आणि पत्ता तेवढा दुरुस्त करायचा. पंधरा मिनिटांचं काम, आणि कार्यालयाचा कल त्याकडेच होता. मी नको म्हटलं. जुना प्रिंटर ज्या कारणाने गेला, तेच कारण पुन्हा घरात आणायचं नव्हतं. शिवाय कप्सच्या कर्त्यांनी पीपीडीवर चालणारे ड्रायव्हर पुढच्या मोठ्या आवृत्तीतून काढायचं जाहीर केलं आहे. आणि ९१०० पोर्टवर माहिती नुसती ओतली जाते. कागद संपला, झाकण उघडं आहे, काम पूर्ण झालं, हे आयपीपीइतकं नेमकं परत कळत नाही.

प्रिंटरला केबल जोडून डेस्कटॉपच्या सबनेटमध्ये नेता आलं असतं, पण मग सात लॅपटॉप आणि सगळे मोबाइल पलीकडे राहिले असते. दोन्ही सबनेट एक करणं हाही मार्ग होता. ते वेगळे का ठेवले आहेत, असं मी विचारलं. वायफायवर पाहुण्यांचे मोबाइलही येतात आणि हिशेबाची यंत्रं त्यांच्यापासून दूर ठेवायची आहेत, असं कळलं. रास्त कारण. प्रिंटरसाठी ती भिंत पाडणं मला पटलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी रिफ्लेक्टरवर विचार केला. दोन्ही नेटवर्कांत पाय असलेल्या यंत्रावर अवाहीचा (लिनक्सवरच्या एमडीएनएस सेवेचा) रिफ्लेक्टर सुरू केला की एमडीएनएसचे प्रश्न आणि उत्तरं इकडून तिकडे जातात. डेस्कटॉपना प्रिंटर आपोआप दिसला असता आणि तांत्रिकदृष्ट्या ते फार देखणं झालं असतं. पण रिफ्लेक्टर एमडीएनएसवरच्या बाकीच्याही घोषणा पलीकडे नेतो, म्हणजे पाहुण्यांच्या मोबाइलना हिशेबाच्या यंत्रांची नावं दिसली असती. चार स्थिर डेस्कटॉपसाठी एवढं कशाला? शोधयंत्रणेचा उपयोग फिरणाऱ्याला. जो डेस्कटॉप वर्षानुवर्षं एकाच टेबलावर आहे आणि एकाच प्रिंटरवर छापतो, त्याला रोज नव्याने शोधायला लावण्याची गरज नाही.

एक डेस्कटॉप छपाईचा सर्व्हर करायचा, हाही विचार झाला. तो बंद असला की सगळ्यांची छपाई बंद, म्हणून सोडला.

ठरलं ते असं : राउटरवर प्रिंटरचा पत्ता पक्का करायचा, त्याला स्थानिक डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) नाव द्यायचं आणि चार डेस्कटॉपवर त्या नावाने कायमची, पण ड्रायव्हरलेस क्यू बसवायची. लॅपटॉप शोधावरच राहतील.

काय केलं

राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासमोर (यंत्राच्या ओळख क्रमांकासमोर) आयपी राखून ठेवला आणि नाव दिलं. प्रिंटरच्या स्वतःच्या वेब पानावर '.लोकल'ने संपणारं नाव होतं. ते वापरायचा मोह होतो, पण '.लोकल'चं नाव एमडीएनएसनेच सोडवलं जातं, म्हणजे डेस्कटॉपवरून पुन्हा तीच अडचण. म्हणून साधं डीएनएसचं नाव.

पहिल्या डेस्कटॉपवर जुनी क्यू आणि कंपनीचं पॅकेज काढलं. मग क्यू बसवणाऱ्या 'एलपीॲडमिन' या आज्ञेने नवी क्यू : '-पी'नंतर क्यूचं नाव, '-व्ही'नंतर प्रिंटरचं नाव आणि 'आयपीपी/प्रिंट' हा मार्ग, '-एम'नंतर 'एव्हरीव्हेअर'. पगारपत्रकं छापली जाणार होती, म्हणून मार्गाच्या सुरुवातीला साधं आयपीपी न घेता आयपीपीएस घेतलं, म्हणजे कागदपत्र नेटवर्कवरून कूटबद्ध होऊन जातं.

क्यू तयार झाली, पण बंद अवस्थेत. कामं घेईना. कारण मी मोठ्या लिपीतला '-ई' हा पर्याय '-पी'च्या आधी लिहिला होता. या पर्यायाचा अर्थ जागेवरून बदलतो : '-पी'च्या आधी असेल तर कप्सशी कूटबद्ध जोडणी करा, नंतर असेल तर क्यू चालू करा आणि कामं स्वीकारा. दोन्ही अर्थ अधिकृत असल्यामुळे चुकीची सूचनाही येत नाही. जागा बदलली आणि क्यू सुरू झाली.

उरलेल्या तिन्हींवर तेच केलं. चौथ्यावर आज्ञा अडकली, कारण तोवर संध्याकाळ झाली होती आणि कुणीतरी जाताना प्रिंटर बंद केला होता. 'एव्हरीव्हेअर' म्हटलं की कप्स त्या क्षणी प्रिंटरला गुणधर्म विचारतं. प्रिंटर जागा नसेल तर क्यू बनत नाही. बटण दाबलं, पुन्हा आज्ञा दिली, झालं.

दोन लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये त्या वायफायसाठी एमडीएनएसला परवानगी दिली. सातही लॅपटॉपवरून 'कप्स-ब्राउझ्ड' काढली. दुहेरी नावं हे एक कारण, दुसरं सुरक्षिततेचं : सप्टेंबर २०२४मध्ये या सेवेतल्या आणि तिच्या जोडीच्या भागांतल्या त्रुटी जाहीर झाल्या. ती यूडीपी ६३१वर कुणाचंही ऐकत होती, बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर घुसवू शकत होता आणि त्यावर प्रिंट दिली की त्याची आज्ञा आपल्या यंत्रावर चालू शकत होती. नको असलेली सेवा काढणं हा दुरुस्ती बसवण्यापेक्षा बरा मार्ग. एका लॅपटॉपवरच्या जुन्या प्रोग्रॅमला मात्र तात्पुरती क्यू दिसेना. तिथे डेस्कटॉपसारखीच कायमची क्यू दिली.

राहिली सहीची ओळ. मॅडमने चाचणीचं बिल छापलं आणि कागद माझ्यासमोर धरला. वरचा भाग ठीक, आकडे ठीक, पण तळाशी "अधिकृत सही" ही ओळच नाही. ट्रेमध्ये कागद ए४. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर ट्रेची नोंद पाहिली : लेटर. कारखान्यातून आला तशीच. लेटर कागद २७९ मिलिमीटर लांब, ए४ २९७ मिलिमीटर. तळाचे अठरा मिलिमीटर छपाईत धरलेच जात नव्हते आणि सहीची ओळ नेमकी तिथे होती.

पडद्यावर ट्रे ए४ केला. लॅपटॉप आणि मोबाइल लगेच सुधारले, कारण ते दर वेळी प्रिंटरला विचारतात. डेस्कटॉप सुधारले नाहीत. कायमच्या क्यूने प्रिंटरचे गुणधर्म बनण्याच्या क्षणी टिपून ठेवले होते आणि त्या क्षणी प्रिंटर "माझ्याकडे लेटर आहे" असं सांगत होता. चारही क्यू काढून पुन्हा बनवल्या. मग मॅडमच्या बिलावर सही करायला जागा आली.

निकाल

चारही डेस्कटॉप, सातही लॅपटॉप आणि मोबाइल एकाच प्रिंटरवर, कुठलाही कंपनीचा ड्रायव्हर न बसवता छापू लागले. नंतर एका डेस्कटॉपवर सिस्टिमची नवी आवृत्ती चढवली गेली, तिथली क्यू जशीच्या तशी चालली. जुन्या प्रिंटरच्या वेळी याच प्रसंगी अख्खा दिवस जायचा.

पुन्हा करायचं झालं तर

सबनेटचा प्रश्न मी प्रिंटर घेण्याआधी विचारेन. मोबाइलवरून प्रिंट निघाली म्हणजे काम झालं असं मी धरलं, ही माझी चूक. तेव्हाच एका डेस्कटॉपवर 'अवाही-ब्राउझ' चालवलं असतं तर कार्यालयाचे दोन दिवस वाचले असते.

क्यू बनवण्याआधी प्रिंटरच्या पडद्यापाशी उभं राहून ट्रे, कागद आणि दोन्ही बाजूंची छपाई बघून घेईन. क्यू नंतर. हा क्रम उलटा झाला म्हणून चार क्यू दोनदा बनवाव्या लागल्या.

त्या मुलाशीही मी आधी बोलायला हवं होतं. त्याने हिमतीने मार्ग शोधला होता, फक्त प्रिंटरला ड्रायव्हर लागणारच हे त्याने गृहीत धरलं. आता तो आधी 'आयपीपीटूल' चालवतो. प्रिंटरला दुसरा ट्रे जोडला गेला तेव्हा चारही डेस्कटॉपवरच्या क्यू त्यानेच नव्याने बनवल्या, मला न विचारता.

रिफ्लेक्टर नाकारला याचा एक परिणाम अजून शिल्लक आहे. एकजण आपला लॅपटॉप अधूनमधून डॉकवर ठेवतो, वायफाय बंद करतो आणि केबलवर जातो. त्याचा प्रिंटर तिथे नाहीसा होतो. त्यालाही कायमची क्यू दिली आहे, पण वायफायवर असताना त्याला आता प्रिंटर दोन नावांनी दिसतो. कुठलं निवडायचं ते चिठ्ठीवर लिहून त्याच्या डॉकला चिकटवलं आहे. असे लॅपटॉप वाढले तर मी रिफ्लेक्टरचा विचार पुन्हा काढेन, पाहुण्यांचे मोबाइल तिसऱ्या नेटवर्कवर हलवूनच.